पाच ताजे उतारे आणि फायलीत जुनाच कागद

पत्र:

ताई, नमस्कार. सदाशिव पेठेतल्या मामांच्या अभ्यासिकेचं सगळं काम मी बघतो. १४० टेबलं आहेत, मुलं बहुतेक राज्यसेवा आणि कंबाइनची तयारी करणारी. टेबल राखणं, महिन्याची फी, लॉकर हे सगळं आमच्या वेबसाइटवर चालतं. मी स्वतः चार वर्षं एमपीएससी केली, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. भाड्याचा सर्व्हर आहे, त्यावर एन्जिनएक्स (साइटची पानं ब्राउझरला देणारा प्रोग्राम) आणि लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारी फाइल) मी व्हिडिओ बघून बसवलं. तीन महिने व्यवस्थित चाललं. सोमवारी सकाळपासून सगळ्यांना 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं दिसतंय. सर्टबॉटने, म्हणजे प्रमाणपत्र काढून देणाऱ्या प्रोग्रामने, नवं काढलं, 'यशस्वी' आलं, इशारा मात्र तसाच. मग सर्टबॉटच्या लाइव्ह फोल्डरमधलं आमच्या नावाचं फोल्डर उडवून पुन्हा काढलं. असं तीनदा केलं. साइट हॅक झाली की काय या भीतीने बुधवारी सर्व्हरवर भारताबाहेरची ये-जा बंद केली. त्यानंतरही एकदा प्रमाणपत्र काढलं. आता सर्टबॉट म्हणतो, याच नावांसाठी गेल्या १६८ तासांत ५ प्रमाणपत्रं दिली आहेत, आणखी मिळणार नाही. नारायण पेठेतल्या नव्या शाखेच्या उपनावासाठी (सबडोमेनसाठी) प्रमाणपत्र घ्यायला गेलो, तर पाच वेळा पडताळणी फसली आणि तिथेही थांबा म्हणाला. मुदत संपण्याआधी इमेल येतो असं व्हिडिओत सांगितलं होतं, मला एकही आला नाही. होस्टिंगवाला विकतचं घ्या म्हणतो. जुनी प्रमाणपत्रं रद्द केली तर कोटा परत मिळेल का? फी भरायची तारीख जवळ आलीय. तोवर मुलांनी 'प्रगत' दाबून पुढे जावं, असा कागद दारावर लावलाय.

उत्तर:

नमस्कार. आधी तो दारावरचा कागद काढून या, मग पुढचं वाचा.

तुमच्याकडची मुलं बीड, लातूर, सोलापूरकडून येऊन दिवसाचे बारा तास त्या टेबलांवर बसतात. त्यांच्या आयुष्यातले कितीतरी अर्ज, फिया, हॉलतिकिटं मोबाइलवरून होतात. इशारा आला की तो ओलांडायचा, ही सवय त्यांना आपण लावायची नाही. शिवाय अभ्यासिकेचं वायफाय सगळ्यांचं एकच आहे. कुणी मधे घुसून बनावट पान पुढे केलं, तर त्या पानावरही असाच इशारा येईल, आणि तुमचा कागद वाचलेली मुलं त्यालाही ओलांडून पासवर्ड देतील. दोन दिवस फी समोरासमोर घ्या, वहीत लिहा, पावती द्या. मामा कुरकुरतील, पण मुलं समजून घेतील.

आता दुखणं. 'तीन महिने व्यवस्थित चाललं' या तुमच्या वाक्यातच निदान आहे. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट दिवसातून दोनदा आपणहून बघतो आणि साधारण ३० दिवस उरले की नवं काढून ठेवतो. म्हणजे तुमचं नवं प्रमाणपत्र महिनाभरापूर्वीच डिस्कवर येऊन पडलं होतं, असा माझा जवळजवळ खात्रीचा अंदाज आहे. एन्जिनएक्स मात्र प्रमाणपत्राची फाइल सुरू होताना वाचतो आणि स्मरणात धरून बसतो. फाइल बदलली तरी 'पुन्हा वाच' असं कुणी सांगेपर्यंत तो जुनंच दाखवत राहतो. तुम्हाला ते कुणी सांगितलं नाही आणि तुम्ही एन्जिनएक्सला सांगितलं नाहीत. सोमवारी जुन्याची मुदत संपली, एवढंच घडलं. हॅक वगैरे काही झालेलं नाही.

प्रमाणपत्र मिळणं वेगळं आणि ते लागणं वेगळं. तलाठ्याकडून सात-बाराचे पाच ताजे उतारे आणले, पण फायलीत जुनाच कागद टाचलेला राहिला, तर साहेब प्रत्येक वेळी जुनाच वाचणार. तुम्ही आठवडाभर उतारे आणत राहिलात आणि शेवटी तलाठी म्हणाला, आता पुरे. त्याचं काही चुकलं नाही.

हे मी मनाने सांगत नाही. काही वर्षांपूर्वी कर्वे रोडवरच्या एका दुकानाची साइट माझ्या हाती होती. शुक्रवारी रात्री इशारा आला आणि मी घाबरून हेच केलं: फोल्डर उडवलं, नवं काढलं, पुन्हा उडवलं. मग मर्यादा लागली आणि ती सुटायची वाट बघत बसले. त्या दुकानाच्या ऑर्डरी तितके दिवस बंद होत्या, आणि त्या सगळ्या काळात चालणारं प्रमाणपत्र त्याच डिस्कवर पडून होतं. ते नुकसान दुसऱ्याचं झालं, म्हणून मला अजून लागतं. तुमचं तेवढं होऊ नये म्हणून हे उत्तर लांबलंय.

फोल्डर उडवल्यामुळे तुमच्याकडे एक गुंता वाढलाय. सर्टबॉट खऱ्या फाइली आर्काइव्ह नावाच्या फोल्डरात ठेवतो. लाइव्हमध्ये त्यांच्याकडे बोट दाखवणारे दुवेच असतात, आणि नूतनीकरणाच्या नोंदी तिसऱ्याच फोल्डरात. तुम्ही लाइव्हमधलं उडवलंत, नोंद मात्र राहिली. ते नाव अडलेलं दिसल्यामुळे सर्टबॉटने पुढचं प्रमाणपत्र तुमच्या नावापुढे ०००१ लावून ठेवलं, मग ०००२, मग ०००३. एन्जिनएक्सच्या सेटिंगमध्ये अजून जुन्या, आता अस्तित्वातच नसलेल्या फोल्डरचा पत्ता आहे. तुम्ही 'पुन्हा वाच' सांगितलंत तरी त्याला फाइल सापडत नाही, तो नवी सेटिंग नाकारतो आणि स्मरणातल्या जुन्या, मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर चालत राहतो. म्हणून दर वेळी 'यशस्वी' येऊनही पान बदललं नाही.

यातून एक धोका निघतो. एन्जिनएक्स बंद करून पुन्हा चालू करू नका, सर्व्हरही रीस्टार्ट करू नका. आत्ता तो जुन्या स्मरणावर का होईना, उभा आहे. एकदा खाली बसला तर फाइल नाही म्हणून उठणारच नाही आणि इशाऱ्याऐवजी साइटच गायब होईल.

आता काम. इटीसीमधल्या लेट्सएन्क्रिप्ट फोल्डरची आहे तशी एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. मग 'सर्टबॉट सर्टिफिकेट्स' ही आज्ञा द्या. ती तुमच्याकडची धड असलेली प्रमाणपत्रं, त्यांत कुठली नावं आहेत, मुदत कधीपर्यंत आहे आणि फाइली कुठे आहेत हे दाखवते. शेवटचं ०००३ तुम्ही उडवलेलं नसेल, तर ते तिथे जवळजवळ ९० दिवसांच्या मुदतीसह दिसेल. एन्जिनएक्सच्या सेटिंगमध्ये प्रमाणपत्राच्या दोन ओळी असतात, एक प्रमाणपत्राची आणि एक खाजगी किल्लीची. दोन्हींत या फोल्डरचा पत्ता घाला. मग एन्जिनएक्सची चाचणी-आज्ञा, म्हणजे नावापुढे हायफन आणि टी. ती 'यशस्वी' म्हणाली तरच रीलोड करा, म्हणजे 'पुन्हा वाच' सांगा. रीस्टार्ट नाही, रीलोड. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी लेट्स एन्क्रिप्टकडे काहीही मागावं लागत नाही.

०००३ सुद्धा उडवलं असेल तर आर्काइव्हमध्ये जा. तिथे प्रत्येक फाइलीच्या नावात क्रमांक असतो. एकाच फोल्डरातली, एकाच क्रमांकाची फुलचेन (प्रमाणपत्र) आणि प्रायव्हकी (खाजगी किल्ली) ही जोडी उचला. वेगवेगळ्या क्रमांकांची मिसळ केलीत तर किल्ली जुळत नाही म्हणून एन्जिनएक्स अडेल. आर्काइव्हचा पत्ता सेटिंगमध्ये घालणं ही तात्पुरती सोय आहे, कारण पुढच्या नूतनीकरणात क्रमांक बदलतो. महिन्याभरात नीट लाइव्हच्या पत्त्यावर या.

पहिल्या ओळीत फाइल फुलचेनचीच हवी, नुसती सर्ट नावाची नको. सर्टमध्ये एकट्या तुमच्या साइटचं प्रमाणपत्र असतं. ते ज्याने दिलं त्या मधल्या संस्थेचं प्रमाणपत्र फुलचेनमध्ये सोबत येतं. ते नसेल तर लॅपटॉपवरचं क्रोम बऱ्याचदा मधला दुवा स्वतः शोधून आणतं आणि सगळं ठीक दिसतं, पण मुलांच्या कितीतरी फोनवर इशारा येतो. 'माझ्याकडे तर चालतंय' आणि 'माझ्याकडे नाही' हा वाद इथूनच सुरू होतो. ७.१.१ च्या आधीचं अँड्रॉइड असलेल्या फोनचा प्रश्न वेगळा आहे, त्यांना लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्रच ओळखीचं नाही. आणि एखाद्याच मुलाला इशारा येत असेल, तर त्याच्या फोनची तारीख बघा.

झालं की नाही हे सर्टबॉटच्या 'यशस्वी'वरून ठरवू नका. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जी खूण असते ती दाबून प्रमाणपत्र उघडा आणि मुदतीची तारीख वाचा. सर्टबॉटने दाखवलेली तारीख तिच्या शेजारी लिहा. दोन्ही सारख्या असतील तर काम झालं. वेगळ्या असतील तर एन्जिनएक्स अजून दुसरं काहीतरी वाचतोय. सोमवारी या दोन तारखा शेजारी ठेवल्या असत्या, तर पाचातलं एकही प्रमाणपत्र काढावं लागलं नसतं.

आता मर्यादेबद्दल. लेट्स एन्क्रिप्ट चालवणारी आयएसआरजी ही अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे. डिसेंबर २०१५ पासून ती जगभर कुणालाही फुकट प्रमाणपत्रं देते. एका बिघडलेल्या स्क्रिप्टने सगळ्यांची वाट अडवू नये म्हणून मर्यादा आहेत. तुम्हाला लागलेली मर्यादा अगदी त्याच नावांच्या संचाची आहे, ७ दिवसांत ५. ती सोमवार ते रविवार अशी मोजत नाहीत. टाकीत थेंब पडावा तशी साधारण दर ३४ तासांनी एक जागा मोकळी होते, आणि पुन्हा कधी मागता येईल ती वेळ नकाराच्या संदेशातच लिहिलेली असते. नोंदणीकृत डोमेनसाठी वेगळी मर्यादा आहे, सगळी उपनावं धरून ७ दिवसांत ५० नवी प्रमाणपत्रं. तुमच्या दोन शाखांना ती कधी लागायची नाही.

रद्द केल्याने कोटा परत मिळत नाही. देताना जे श्रम झाले ते झाले, असा तिथला हिशेब आहे. उलट रद्द करण्याच्या घाईत तुम्ही तेच प्रमाणपत्र मारून टाकाल जे आज साइट उभी करणार आहे. तेव्हा रद्द काहीही करू नका. किल्ली कुणाच्या हाती लागली असेल तर गोष्ट वेगळी, पण इथे तसं काही दिसत नाही. नावांच्या संचात एखादं नाव वाढवलं, तर तो संच नवा ठरतो आणि पाचाची मर्यादा त्याला लागत नाही, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. ते खरं आहे. पण तुमच्याकडे प्रमाणपत्राची टंचाई नाही. सेटिंग न सुधारता सहावं आणलंत तर तेही आर्काइव्हमध्येच पडून राहील.

विकतच्या प्रमाणपत्राचंही तेच. ते घालायचं याच एन्जिनएक्सच्या याच दोन ओळींत, आणि रीलोड केलं नाही तर तेही दिसणार नाही. मुलांच्या फोनपासून सर्व्हरपर्यंतचं कुलूप पैसे भरून जास्त मजबूत होत नाही. ते पैसे मुलांसाठी पंख्यांवर खर्च करा.

नारायण पेठेच्या उपनावाची गोष्ट निराळी आहे. तिथे पडताळणीच फसतेय. त्याची मर्यादा एका नावासाठी, एका खात्याला, तासाला ५ फसलेले प्रयत्न अशी आहे, आणि साधारण दर १२ मिनिटांनी एक प्रयत्न परत मिळतो. फसण्याचं मुख्य कारण बुधवारी तुम्ही घातलेली बंदी असावी. लेट्स एन्क्रिप्ट २०२० पासून एकाच ठिकाणाहून पडताळणी करत नाही, जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या एका दारावर, येऊन तुम्ही ठेवलेली खुणेची फाइल वाचतो. बाहेरची ये-जा बंद असेल तर ती फाइल त्याला दिसणार कशी? तुम्ही म्हणाल, मग मुख्य नावाचं प्रमाणपत्र बुधवारनंतरही कसं मिळालं? एकदा झालेली पडताळणी काही काळ ग्राह्य धरतात, म्हणून. नव्या नावाच्या गाठीशी तशी जुनी पडताळणी नव्हती. याचा अर्थ ही बंदी तशीच ठेवलीत, तर पुढचं आपोआप होणारं नूतनीकरणही फसेल.

म्हणून ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट सगळ्या जगाला उघडे ठेवा. परक्या लॉगिनची भीती असेल तर बंदी एसएसएचच्या, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या, पोर्टपुरती घाला. मग खुणेच्या फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल ठेवून नव्या उपनावाने ती उघडते का बघा. तुमच्या फोनवर उघडली म्हणून भागत नाही, ती बाहेरून उघडायला हवी. पेठेत कुणाचा ना कुणाचा मुलगा अमेरिकेत असतोच, त्याला दुवा पाठवून उघडायला सांगा. आणखी एक जागा तपासा: डोमेनच्या नोंदींत नव्या उपनावापुढे चार ए असलेली, म्हणजे आयपीव्ही६ ची (नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्याची) ओळ आहे का? असेल आणि ती जुन्या किंवा दुसऱ्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असेल, तर पडताळणी आधी तिकडेच जाते. तुमच्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर ती ओळ काढून टाका. हे सगळं सेटिंग दुरुस्त होऊन रीलोड झाल्यावरच करा, कारण नव्या शाखेसाठी एन्जिनएक्समध्ये तुम्ही जे लिहिलं असेल तेही त्याने अजून वाचलेलं नाही.

आणि खरी मागणी करण्याआधी सराव करा. सर्टबॉटला ड्राय-रन सांगितलं की तो लेट्स एन्क्रिप्टच्या सरावाच्या सर्व्हरकडे जातो. तिथल्या मर्यादा वेगळ्या आणि खूप सैल आहेत, तिथे चुका केल्याने तुमचा खरा कोटा खर्च होत नाही. सराव परीक्षा न देता कुणी मुख्य परीक्षेला बसत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

साइट उभी राहिली की दुसऱ्या दिवशी निवांत साफसफाई करा. जुनी नावं हाताने उडवू नका, सर्टबॉटची स्वतःची डिलीट आज्ञा आहे, ती नाव विचारते आणि तिन्ही ठिकाणांहून नीट काढते. मोडक्या नोंदी ती ओळखत नसेल, तर त्यांची नूतनीकरणाची फाइल बाजूला हलवा, नाहीतर दर वेळी त्यांच्या नावाने तक्रार येत राहील. मग मुख्य दुरुस्ती: रिन्यूअल-हुक्स फोल्डरात डिप्लॉय नावाचं फोल्डर असतं. त्यात एन्जिनएक्स रीलोड करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा आणि तिला चालवायची परवानगी द्या. यापुढे नवं प्रमाणपत्र आलं की सर्टबॉट आपणहून एन्जिनएक्सला उठवेल. ड्राय-रनमध्ये ही स्क्रिप्ट सहसा चालत नाही, म्हणून ती एकदा हाताने चालवून बघा.

इमेलचं म्हणाल, तर लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याच्या सूचना पाठवणं ४ जून २०२५ पासून बंदच केलंय. तुमचा व्हिडिओ त्याआधीचा असणार. आठवण आता आपलीच आपण ठेवायची. दर महिन्याच्या १ तारखेला, फीची यादी काढाल त्याच वेळी, ब्राउझरमधली ती तारीख वाचायची. ३० दिवसांपेक्षा बरेच कमी उरलेले दिसले, तर काहीतरी अडलंय हे तेव्हाच कळेल. यापुढे हे आणखी महत्त्वाचं होणार आहे. ब्राउझरवाले आणि प्रमाणपत्र देणारे यांनी मिळून २०२५ मध्ये ठरवलंय की १५ मार्च २०२९ पासून कुठलंच प्रमाणपत्र, विकतचंसुद्धा, ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं नसेल. हाताने बसवायचे दिवस संपत आलेत.

राहिली मुलं. सोमवारपासून इशारा ओलांडून ज्यांनी लॉगिन केलं, त्यांचं काही चोरीला गेलं असण्याची शक्यता कमी आहे, कारण मुदत संपलेलं असलं तरी प्रमाणपत्र तुमचंच होतं. तरीही त्यांना पासवर्ड बदलायला सांगा. त्यासाठी दारावर नवा कागद लावा, मोठ्या अक्षरात: 'साइट दुरुस्त झाली आहे. सोमवारपासून लॉगिन केलेल्यांनी पासवर्ड बदलावा. यापुढे इशारा दिसला तर पुढे जाऊ नये, काउंटरवर येऊन सांगावं.' खाली तुमची सही करा आणि तारीख घाला.